असणं आणि राहणं : कारंजा (घाडगे) परिसराच्या बोलीसंग्रहाची प्रस्तावना

नागपूरहून अमरावतीकडे निघालं की कोंढाळी मागे पडते आणि तळेगाव यायच्या आधी कारंजा लागतं. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव कागदोपत्री नेहमी कंसासह लिहिलं जातं : कारंजा (घाडगे), आणि घाईत असलं तर कारंजा (घा.). वाशीम जिल्ह्यात दुसरं कारंजा आहे, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेलं कारंजा लाड. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून पोस्टाला, एसटीला, तहसीलला हा कंस लागतो. पण आसपासच्या खेड्यातला माणूस ‘कारंज्याले जाऊन रायलो’ म्हणतो, तेव्हा कोणत्या कारंज्याला, असं त्याला कुणी विचारत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि दोघं कुठे उभे आहेत, एवढं माहीत असलं की शब्दाचा अर्थ आपोआप पुरा होतो.

हा संग्रह त्या एका विश्वासावर उभा आहे. शब्दाचा अर्थ माणसांच्या नात्यात, कामात आणि प्रसंगात असतो, आणि म्हणून एखाद्या भागातली माणसं कशी जगली हे जाणायचं असेल तर त्यांचे शब्द त्यांच्या प्रसंगांसकट जपले पाहिजेत. नुसती शब्द आणि प्रतिशब्दांची यादी केली तर शब्द उरतात, पण ते बोलणारी माणसं हरवतात.

माणसाचं अस्तित्व भाषेत कसं मांडायचं हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. यास्कांच्या निरुक्तात वार्ष्यायणींचं एक मत नोंदवलेलं आहे : असण्याचे विकार सहा. जन्मणं, असणं, बदलणं, वाढणं, झिजणं आणि नाहीसं होणं. सहाही क्रियापदं आहेत. नामाने वस्तू दाखवता येते, पण असणं हे चालू काम आहे, म्हणून ते सांगायला क्रियापदच लागतं, ही समज त्या मांडणीमागे आहे. आमच्या तालुक्यातल्या बोलीकडे पाहताना हीच समज आम्हाला उपयोगी पडली. एखाद्या बोलीला माणसाबद्दल काय वाटतं हे तिच्या नामांपेक्षा तिच्या क्रियापदांत लवकर दिसतं.

पुस्तकी मराठीत ‘मी जेवतो आहे’. कारंज्याकडे ‘मी जेवून रायलो’. एक वाक्य ‘असणे’ घेतं, दुसरं ‘राहणे’. शेजारच्या हिंदीतही अशीच रचना आहे, आणि मध्य प्रांतातल्या दीर्घ सहवासाने ती इकडे बळकट झाली असणार. तरीही बोलणाऱ्याच्या तोंडी ती आता पुरती घरची आहे. ‘काय करून रायला बाप्पा?’ या प्रश्नात चौकशी असते, आपुलकी असते, कधी धाकही असतो. त्याला ‘काही नाही, बसून रायलो’ हे पूर्ण उत्तर आहे. काम असो वा नसो, माणूस त्या क्षणी कशात तरी राहत असतो, वस्तीला असतो.

दुसरी गोष्ट अनुभवाची. मराठीत माणूस भूक करत नाही, त्याला भूक लागते. राग येतो, आठवण होते, झोप लागते, थंडी वाजते. कारंज्याकडे ‘मले’ आणि ‘तुले’ म्हटलं की पुढचं वाक्य बहुतेक वेळा माणसावर काय येऊन पडलं याचं असतं : ‘मले गमत नाही’, ‘तुले समजत नाही काय’. पाऊस येतो, हिवाळा येतो, तसाच राग येतो. कोरडवाहू कापूस आणि तूर पिकवणाऱ्या मुलखात, जिथे वर्षाचं गणित पावसावर ठरतं, तिथे हे व्याकरण फार खरं वाटतं. पण करायच्या कामांची क्रियापदं काढली की तीच बोली माणसाला ठामपणे कर्ता करते. वखरणं, पेरणं, डवरणं, निंदणं, वेचणं ही कामं आपण होऊन येत नाहीत, ती माणसालाच करावी लागतात. जे सोसायचं ते माणसावर येतं, जे करायचं ते माणूस करतो, अशी वाटणी आमची बोली रोज करत असते.

अस्तित्वासाठी तत्त्वज्ञान जे शब्द वापरतं ते खेड्यात कुणी वापरत नाही. तिथे शब्द आहे ‘जीव’, आणि त्याचं सगळं सामर्थ्य त्याच्याबरोबरच्या क्रियापदांत आहे. जीव लागतो, लावला जातो, अडकतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, वर-खाली होतो. नको असलेलं काम जिवावर येतं, हौशीचं काम जीव ओतून होतं. लेकरावर जीव असतो, आणि बैलावरही असतो. या सगळ्या प्रयोगांत जीव नुसता शरीराच्या आत बसलेला दिसत नाही. तो सतत बाहेर, दुसऱ्या कुणाकडे तरी निघालेला असतो. संग्रहातलं ‘जीव’ हे प्रकरण म्हणूनच सर्वांत लांब झालं आहे, आणि वाचकाने तिथून सुरुवात केली तरी चालेल.

शब्द गोळा करताना आम्हाला पद्धत शिकवली ती एका म्हाताऱ्या बाईने. ‘सुटला’ म्हणजे काय, असं तिला विचारलं होतं. तिने उलट विचारलं, ‘कोन सुटला? बैल का मानूस?’ बैल सुटला म्हणजे दावं तोडून गेला, किंवा दिवसभराच्या जुंपणीतून मोकळा झाला. पोरगा सुटला म्हणजे शाळा सुटली. कर्जातून सुटला म्हणजे सातबारा कोरा झाला. आणि फार दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस ‘सुटला’ म्हणजे गेला. तसं म्हणणाऱ्याच्या आवाजात दुःखाबरोबर त्याच्या यातना संपल्याचं समाधानही असतं. कोशात या सगळ्या अर्थांना आकडे घालता येतील. पण त्या बाईच्या प्रश्नाशिवाय कोणता आकडा लागू, ते कळणार नाही. त्या दिवसापासून प्रत्येक शब्दाखाली तो कोण, कुणाला, कशाबद्दल आणि कधी म्हणतं, हे आम्ही लिहू लागलो.

ही पद्धत नवी नाही. कारंज्याहून पश्चिमेला वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेलं की रिद्धपूर आहे, गोविंदप्रभूंचं गाव. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी तिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ते करताना ज्या ज्या शिष्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन आठवणी विचारून घेतल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या स्वारीत मूळ पोथी गेली, तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. एकाच लीळेच्या आठवणी वेगळ्या निघाल्या, तेव्हा ते वेगळेपणही जपलं गेलं. एक जण असं सांगतो, दुसरा तसं, हे पोथीत नोंदवण्याचं धैर्य त्या लोकांत होतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. केशिराजबासांनी लीळांमधून स्वामींची वचनं निवडून ‘सूत्रपाठ’ केला. वचनं प्रसंगापासून सुटी झाली, पाठ करायला सोपी झाली. मग लक्षात आलं की प्रसंग सुटला तर अर्थही निसटतो. म्हणून महानुभावांनी ‘प्रकरणवश’ नावाचा वेगळा ग्रंथप्रकार घडवला. कोणतं सूत्र कुणाला, कुठे, कोणत्या निमित्ताने सांगितलं, हे त्यात येतं. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहावा, हा विचार तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन यांच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे जगभर गाजला. आमच्या नदीपलीकडच्या गावाने त्याआधी काही शतकं हाच विचार पोथ्या लिहिण्याच्या कामात आणला होता. केशिराजबासांना नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केलं, कारण पंथातल्या साध्या बायाबापड्या त्या लेखनाला मुकल्या असत्या. आज त्याच रिद्धपुराला मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा ‘लीळाचरित्रा’च्या गद्याचं प्राचीनत्व हा त्या दाव्याचा एक आधार होता. ते गद्य मुळात माणसांचं बोलणं होतं, आणि बोलीकडे पाहताना ही आठवण आम्हाला बळ देते.

काही शब्द मात्र नुसतं वर्णन करत नाहीत. ते उच्चारले की काहीतरी घडतं. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत अशा बोलण्याचा विचार मांडला : वचन देणं, नाव ठेवणं, माफी मागणं. आमच्याकडे याचं सर्वांत सुंदर उदाहरण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचं आहे. त्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्टा पडून टणक झालेला असतो. घरधनी हळद आणि तूप किंवा लोणी कोमट करतो, पळसाच्या पानाने ते खांद्यावर लावून शेकतो, हाताने हलके चोळतो. बैल मान खाली घालून उभा असतो. मग त्याच्यासमोर हात जोडून म्हणायचं : ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर ज्याला ‘चल रे’, ‘हो रे’ म्हटलं, त्याला त्या एका संध्याकाळी ‘या’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा मान त्याचा असतो. आवतन दिलेलं असतं, म्हणून तो पाहुणा असतो. शब्दांनी ढोराचं पाहुण्यात रूपांतर केलेलं असतं, आणि घरातलं लहान लेकरूसुद्धा त्या दिवशी बैलाला हाकलत नाही.

हा भाग गवळाऊ गुरांचा आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातल्या नंदगवळ्यांनी ही पांढरीशुभ्र, चपळ जात सांभाळली. त्यांच्याकडे गुरांच्या वयाचे, चालीचे, स्वभावाचे, दुधाचे शब्द आहेत. भोयर-पवारांच्या घरांत भोयरी म्हणजेच पवारी बोलतात, काही पाड्यांवर गोंडी ऐकू येते, बाजारात हिंदी चालते. संग्रहात या सगळ्यांची ये-जा दिसेल. एका भाषेचं दुसरीवर आक्रमण झालं, असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. एकाच बाजारात बसणाऱ्या लोकांनी एकमेकांचे शब्द उचलले, इतकंच.

जुने शब्द मरतात, तसे ते नवे अर्थ घेऊन जगतातही. याचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण वर्धा जिल्ह्यातच राहिलेल्या विनोबांनी दिलं. जुन्या शब्दावर नव्या अर्थाचं कलम बांधणं ही विचार बदलण्याची अहिंसक रीत आहे, असं ते मानत. गीतेने ‘यज्ञ’ हा शब्द असाच घेतला आणि वाढवला, हे त्यांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत सांगितलं. ती प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली. कारंज्याच्या संत्रा बागायतदाराला ही उपमा समजावून द्यावी लागत नाही. जंबेरीच्या रोपाचा खुंट तयार झाला की त्याच्या सालीला उभी-आडवी चीर देतात, चांगल्या झाडाच्या काडीवरून संत्र्याचा डोळा सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. काही दिवसांनी पट्टी सोडून पाहायचं. डोळा हिरवा असला तर लागला. मूळ जंबेरीचं राहतं, त्याची जमिनीतली पकड राहते, आणि फळ संत्र्याचं येतं. ‘दान’ हा खुंट फार जुना. त्यावर विनोबांनी ‘भूदान’ आणि ‘ग्रामदान’ बांधलं. मूळ शब्दाची पकड होती, म्हणून नवा अर्थ खेड्यापाड्यांत लागला. परका शब्द आणला असता तर तो वरच्या वर राहिला असता. याच महामार्गावर पुढे असलेल्या गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ लिहिली, तीही गावाला कळणाऱ्या शब्दांनीच गावाशी बोलते.

पण शब्दाचा अर्थ कोण ठरवतं, हा प्रश्न नेहमीच इतका सुखाचा नसतो. ‘शेतकरी’ हाच शब्द घ्या. गावात शेतकरी म्हणजे जो वावर करतो तो. कचेरीत शेतकरी म्हणजे सातबारावर ज्याचं नाव आहे तो. या दोन अर्थांच्या मधल्या जागेत कितीतरी माणसं राहतात. दुसऱ्याचं वावर मक्त्याने किंवा बटाईने करणारे, आणि सगळ्यांत जास्त बाया. निंदणी, वेचणी, बियाणं राखणं हे सारं त्यांच्या हातचं, पण कागदावर त्या बहुतेक वेळा कुणाची तरी पत्नी. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने ‘शेतकरी’ या शब्दाची व्याप्ती वाढवून त्यात कूळ, बटाईदार आणि शेतमजूरही घेतले. गावाचा अर्थ धोरणाने मान्य केला, तरी कचेरीच्या कागदावर तो अजून पुरता उतरलेला नाही.

या फरकाची किंमत विदर्भाने मोजली आहे. 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे दिलेल्या पंतप्रधानांच्या पॅकेजसाठी विदर्भातले जे सहा जिल्हे निवडले गेले, त्यांत वर्धा होता. त्याच वर्षी राज्य शासनाच्या निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला 1 लाख रुपयांची मदत ठरली. त्यासाठी जमीन, मान्यताप्राप्त संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, थकबाकी आणि परतफेडीचा तगादा, असे निकष लागले. समिती बसते, कागद पाहते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. मदतीला निकष हवेत हे मान्य. पण गावात तो शब्द मदतीपुरता राहत नाही. ‘अपात्र’ हा शिक्का माणसाच्या मरणावर आणि त्यातून मागे वळून त्याच्या जगण्यावर बसतो. नातलगाकडून केलेली उसनवारी कर्ज नव्हती का? मक्त्याच्या वावरातली बुडालेली पऱ्हाटी त्याची नव्हती का? ज्या बोलीत माणूस ‘सुटला’ म्हणताना आवाज हळू करतात, त्या बोलीच्या लोकांच्या हाती हा शब्द येतो, तेव्हा तो त्यांना कुठेच ठेवता येत नाही. शब्दांचा अभ्यास ही फुरसतीची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी संग्रहातलं ‘कागदाचे शब्द’ हे प्रकरण जरूर वाचावं.

आमच्या आधी या रस्त्याने मोठी माणसं गेली आहेत. मोल्सवर्थ यांचा कोश 1831 मध्ये आला, 1857 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे नमुने आहेत. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 1932 पासून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढले. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं आधुनिक सर्वेक्षण केलं. अशोक केळकरांनी ‘वैखरी’तून भाषेकडे कसं पाहायचं ते मराठी वाचकाला शिकवलं. या सगळ्यांमुळे आम्हाला मोठा नकाशा मिळाला. आम्ही केलं ते त्या नकाशावरच्या एका तालुक्यात पायी फिरण्याचं काम.

ते आत्ताच करणं भाग होतं. शब्द कामाला बांधलेला असतो, काम गेलं की तो सैल होतो. ट्रॅक्टर आला आणि बंडीच्या एकेका भागाचं नाव विस्मरणात जाऊ लागलं. सालदार कमी झाले, तसे मालक आणि सालदार यांच्यातल्या करारमदाराचे, रुसव्याफुगव्याचे शब्दही आटले. दुसरं कारण शाळेतलं. इथल्या अनेक घरांत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, काळा ‘काया’. असं बोलणाऱ्या लेकराला वर्गात हसतात. मग ते एक तर गप्प बसतं, नाही तर घरच्या बोलीची लाज धरायला शिकतं. प्रमाण मराठी प्रत्येक लेकराला उत्तम यायला हवी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्यासाठी त्याच्या आजीचं बोलणं चुकीचं ठरवण्याची गरज नाही. ‘डोया’ म्हणणाऱ्या माणसाला कमी दिसत नाही.

संग्रह कसा वाचावा, याबद्दल थोडंसं. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. जन्म, खेळ, शिक्षण, काम, लग्न, बाजार, कचेरी, आजार, म्हातारपण आणि मरण, असा माणसाच्या आयुष्याचा क्रम आहे. प्रत्येक नोंदीत आधी शब्द, मग तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसंच्या तसं, मग प्रसंग आणि शेवटी अर्थ. अर्थ शेवटी ठेवण्यामागे हेतू आहे : वाचकाने आधी वाक्य ऐकावं. उदाहरणार्थ, ‘बाग ताणावर हाय’ ही नोंद. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि मग पाणी दिल्यावर फुटतं, फुलतं. हे एवढं ठाऊक नसेल तर वाक्यातली काळजी आणि आशा यांतलं काहीच हाती लागत नाही. जिथे दोन माणसांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ सांगितले, तिथे दोन्ही दिले आहेत. रिद्धपूरच्या पोथ्यांकडून आम्ही हेच शिकलो.

शिक्षकांनी हा संग्रह वर्गात न्यावा आणि मुलांना घरून एकेक शब्द त्याच्या वाक्यासह आणायला सांगावा. कचेरीत बसणाऱ्यांनी तो वाचावा, म्हणजे समोर उभा असलेला माणूस काय म्हणतो आहे ते अर्जाच्या बाहेरही ऐकू येईल. आणि ज्यांची ही बोली आहे त्यांनी यातल्या चुका काढाव्यात, समासात लिहाव्यात, वाढवाव्यात. बोलीचा कोश पूर्ण होतो असं आम्ही मानत नाही. माणसं बोलत आहेत तोवर अर्थ घडत राहणार. ते घडताना आपण नीट ऐकलं, तर माणसाच्या जगण्याचं खरं वर्णन आपल्या हाती येईल, आणि त्या वर्णनात कुणीही माणूस ‘अपात्र’ ठरणार नाही.